पाच लाखांत पहिली ट्रॅक कार : कोणती घ्यावी, कशी बांधावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २६, गाव सांगली. कार्टिंग चार-पाच वेळा केलेलं, मोठ्या ट्रॅकवर अजून एकदाही नाही. हाताशी साठवलेले पाच लाख. डोळ्यांसमोर तीन गाड्या : जुनी होंडा सिटी व्हीटेक, पोलो जीटी टीएसआय आणि पहिल्या पिढीची १.३ पेट्रोल स्विफ्ट. यातली कोणती घ्यावी, आणि घेतल्यावर आधी एक्झॉस्ट-रीमॅप (सायलेन्सर आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं) करावं की सस्पेन्शन?

स्विफ्ट घ्या. आणि एक्झॉस्ट, रीमॅप, सस्पेन्शन यांपैकी काहीच आधी करू नका. गाडी धड करून घेतल्यावर तुमचा पहिला खर्च ब्रेक ऑइलचा, दुसरा पॅडचा आणि तिसरा टायरचा. उरलेले पैसे फेऱ्यांसाठी राखून ठेवा. असं का म्हणतो ते सविस्तर सांगतो, कारण मी स्वतः हे सगळं उलट्या क्रमाने केलं होतं आणि त्यात माझं पूर्ण एक वर्ष गेलं.

माझं वर्कशॉप कोल्हापूरला, शिरोली भागात. माझी पहिली ट्रॅक गाडी एस्टीम होती. सगळे पैसे मी इंजिनात घातले : हेडचं काम, कॅम, हेडर, वर मोठा आवाज. ब्रेकला फक्त एका दुकानदाराने 'रेसिंग पॅड' म्हणून दिलेला एक सेट टाकला. ब्रेक ऑइल कधीचं होतं हे मला माहीतही नव्हतं. कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर तिसऱ्या सेशनला, पाचव्या फेरीत, सरळ पट्ट्याच्या शेवटी पाय ब्रेकवर गेला आणि पेडल नेहमीच्या जागी सापडलंच नाही. कुठलाही विरोध नाही, पाय थेट फ्लोअरला. दुसऱ्यांदा पंप केलं तेव्हा थोडा दाब आला, तिसऱ्यांदा आणखी थोडा. तोवर वळण मागे पडलं होतं आणि गाडी मातीतून उड्या मारत चालली होती. सुदैवाने पुढे मोकळी जागा होती. पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या जागेत, आल्यावर मिस्त्रीने पुढच्या कॅलिपरचा (पॅड दाबणाऱ्या भागाचा) ब्लीडर, म्हणजे ऑइल काढायचा स्क्रू, सोडला आणि प्लास्टिकच्या नळीतून जे आलं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं, त्यात बारीक बारीक बुडबुडे. ऑइल उकळलं होतं; माझा पाय ते बुडबुडेच दाबत होता. इंजिनावर खर्च केलेली सगळी रक्कम त्या दिवशी पॅडॉकमध्ये उभी राहिली आणि मी एकूण पंधरा-वीस फेऱ्या मारून घरी आलो.

त्या वेळी मला कोणी एक साधा हिशेब सांगायला हवा होता. स्विफ्ट आणि चालक मिळून साधारण १,०८० किलो धरा. ताशी १४० वरून ७० वर वेग आणायचा तर ब्रेकला जवळजवळ ६१० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. घरच्या भाषेत सांगायचं तर दोन लिटर गार पाणी उकळीला आणायला जेवढी आच लागते तेवढी, आणि तीही चार सेकंदांत. यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर येतो. एका फेरीत असं तीन-चार वेळा होतं आणि मधे थंड व्हायला जेमतेम अर्धा मिनिट मिळतं. रस्त्यावर १०० वरून ५० ला येता तेव्हा याच्या निम्मीच उष्णता तयार होते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून रस्त्यावर 'एकदम मस्त' वाटणारे ब्रेक ट्रॅकवर चौथ्या फेरीला हात टेकतात. इंजिनाची ताकद वाढवली की सरळ पट्ट्याच्या शेवटचा वेग वाढतो आणि ब्रेकवरचं हे ओझं आणखी चढतं. नवशिक्याने आधी ताकद वाढवू नये याचं खरं कारण हे आहे.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट हा त्याचा दर्जा. डॉट ३ ला नवं असताना किमान २०५ अंशांचा उत्कलनबिंदू असावा लागतो, ओल शोषल्यावर तो १४० वर येतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. म्हणजे दोन पावसाळे काढलेलं डॉट ४ हे ताज्या डॉट ३ पेक्षाही खाली असतं. सीलबंद बाटलीतलं चांगलं डॉट ४ आणा, चारही चाकांवर जुनं पूर्ण काढून भरा, आणि दर ट्रॅक-डेच्या (फी भरून आपली गाडी ट्रॅकवर चालवायच्या दिवसाच्या) आधी पुढची दोन चाकं पुन्हा ब्लीड करा, म्हणजे ऑइल सोडून आतली हवा काढा. अर्धी उरलेली बाटली पुढच्या वेळेसाठी ठेवू नका. डॉट ५ नावाचं ऑइल कोणी दिलं तर घेऊ नका. ते सिलिकॉनचं असतं आणि यात मिसळत नाही. एवढं करायला दीड हजारांच्या आत खर्च येतो आणि दुपार पुरते.

आता गाडीकडे वळू.

व्हीटेक सिटीबद्दल मला मनापासून आदर आहे. १.५ लिटरचं ते १०६ बीएचपीचं इंजिन वर चढतं तेव्हा कानाला जे मिळतं ते आजच्या गाड्यांत मिळत नाही. पण त्या गाड्या आता वीस वर्षांच्या पलीकडे गेल्या. चांगली असेल तर मालक सोन्याच्या भावाने विकतो, स्वस्त असेल तर खालून पत्रा खाल्लेला असतो. शिवाय एखादा दरवाजा, एखादी लाइट, एखादा गिअरबॉक्सचा भाग शोधायला दोन-दोन महिने जातात. ट्रॅकवरच्या गाडीला ओरखडा येतो, धक्का लागतो. जी गाडी आपटायची भीती वाटते ती शिकायच्या कामाची नाही.

पोलो जीटी टीएसआय वेगवान आहे, बसायला घट्ट आहे, चेसिस उत्तम आहे. अडचण दोन ठिकाणी. एक, तिचा सात गिअरचा डीएसजी (आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स) कोरड्या क्लचचा आहे आणि सततच्या उष्णतेशी त्याचं फारसं पटत नाही. काही बिघडलं तर दुरुस्तीचं बिल तुमच्या पाच लाखांतला मोठा घास घेतं. दोन, टर्बोचा टॉर्क तुमच्या चुका झाकतो. वळणातून हळू बाहेर पडलात तरी सरळ पट्ट्यावर भरून निघतं आणि तुम्हाला वाटतं आपण बरं चालवलं.

८७ बीएचपीच्या स्विफ्टमध्ये ही सोय नाही. वळणाच्या मध्यावर ताशी पाच किमी कमी पडले तर ते पुढच्या पूर्ण पट्ट्यावर घड्याळात दिसतात. ही गाडी भारतात मे २००५ मध्ये आली, आणि २०१० मध्ये १.२ लिटरचं के-सिरीज इंजिन येईपर्यंत तिच्यात एस्टीमच्याच घराण्यातलं १,२९८ सीसीचं जी१३बीबी इंजिन होतं. हेच इंजिन जिप्सीत, व्हर्सात. म्हणजे सुटे भाग मिरजेतही मिळतील आणि खेड्यातल्या मिस्त्रीलाही ते इंजिन डोळे मिटून उघडता येईल. देशातल्या एलजीबी फॉर्म्युला ४ शर्यतींच्या एकआसनी गाड्यांत वर्षानुवर्षं स्विफ्टचंच १.३ लिटरचं इंजिन पळालं आहे. आणि करी स्पीडवे ज्यांच्या नावाने आहे त्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० च्या इंजिनावर फॉर्म्युला मारुती ही शर्यतीची गाडी बांधली. भारतातले कितीतरी चालक त्या छोट्या इंजिनावर घडले. छोटं इंजिन म्हणजे कमीपणा, ही समजूत सोडून द्या.

स्विफ्ट घेताना झेडएक्सआय (सगळ्यांत वरचं मॉडेल) मिळाली तर उत्तम, कारण तिच्यात एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, असतं. रंग, सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम बघू नका. गाडी लिफ्टवर किंवा खड्ड्यावर चढवायला लावा आणि टॉर्च घेऊन स्वतः खाली जा. पुढच्या स्ट्रटचा (स्प्रिंग-शॉकअपच्या खांबाचा) वरचा माउंट जिथे बसतो तो टॉवर, लोअर आर्म जिथे धरतो ती जागा, मागच्या बीमचे कंस, जॅक लावायच्या कडा. तिथे गंज किंवा नंतर मारलेली वेल्डिंग दिसली तर निघून या. चेसिस खाली आपटून सरळ केलेली गाडी अलाइनमेंटवर कधीच बसत नाही. सीएनजी लावून काढलेली गाडी बरीच स्वस्त मिळते. ती घ्यायची असेल तर कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय घेऊ नका, आणि मागच्या फ्लोअरला टाकीचे बोल्ट काढलेली भोकं नीट बुजवली आहेत का बघा. चार सिलिंडरमध्ये कॉम्प्रेशनचा फरक दहा टक्क्यांच्या आत असला की मी पुढे बोलतो. थंड इंजिन सुरू करायला लावा. मालकाने तुमच्या येण्याआधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत या.

कागदाची एक गोष्ट विसरू नका. या पिढीच्या स्विफ्टना पंधरा वर्षं होऊन गेली. खासगी गाडीची आरसी पंधरा वर्षांची, पुढे फिटनेस करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. ज्याची आरसी वाढवलेली आहे तीच गाडी बघा. 'करून घ्या, सोपं आहे' असं म्हणणाऱ्या मालकाला आधी करून द्यायला सांगा.

गाडी आणल्यावर दोन महिने तिच्यावर 'ट्रॅक'चं एकही सामान चढवू नका. आधी ती कंपनीतून निघाली तशी करा. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप एकत्र बदला. जी१३बीबी ला बेल्ट आहे, चेन नाही, आणि आधीचा बेल्ट कधी टाकला हे मालकाला आठवत नसतं. रेडिएटर काढून साफ करून घ्या, थर्मोस्टॅट, कॅप आणि सगळे होजपाइप नवे. रेडिएटरची कॅप ही शे-दोनशे रुपयांची वस्तू, पण तिचं सील ढिलं असेल तर दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळतं. फॅन चालू-बंद कधी होतो ते उभं राहून बघा. इंजिन माउंटिंग, लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबर), बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, व्हील बेअरिंग हे सगळं तपासून जे सैल असेल ते बदला. चारही शॉकअप कंपनीचेच, पण नवे. नव्या बुशांवर आणि नव्या शॉकअपवर जुनी स्विफ्ट किती नेटकी वळते हे बहुतेकांना माहीतच नसतं, कारण त्यांनी ती कधी धड अवस्थेत चालवलेलीच नसते. मी बघितलेली निम्मी कॉइलओव्हरवाली (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअप लावलेली) पोरं खरं तर मेलेल्या बुशांवर पन्नास हजार खर्च करून बसली होती.

कॉइलओव्हर, कापलेल्या स्प्रिंगा, कडक बुश हे पहिल्या वर्षी नकोच. कापलेली स्प्रिंग तर कधीच नको; शॉकअपची चाल संपते आणि वळणात गाडी बंप-स्टॉपवर (चाल संपल्यावर टेकायच्या रबरावर) बसली की पकड एका झटक्यात जाते.

अलाइनमेंटवर मात्र थोडा वेळ द्या. पुढच्या चाकाची गाडी, म्हणजे जिची पुढची चाकं ओढतात (फ्रंट-व्हील ड्राइव्ह), वळणात बाहेरच्या पुढच्या टायरचा बाहेरचा खांदा खाते. स्ट्रटला कॅम्बर बोल्ट लावून दोन्ही पुढच्या चाकांना साधारण दीड अंश निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला) द्या, दोन्हीकडे सारखा, टो (चाकाचं टोक आत-बाहेर वळणं) शून्य. हे काम हजार-दोन हजारांत होतं आणि टायरचं आयुष्य डोळ्यांदेखत वाढतं. अलाइनमेंटवाला 'एवढा कॅम्बर चालत नाही, लाल दाखवतंय' म्हणेल. त्याला शांतपणे सांगा की हेच हवंय, आणि छापील कागद घेऊन या.

टायर नवे घ्या, पण स्लिक (नक्षी नसलेले शर्यतीचे) किंवा परदेशी सेमी-स्लिकच्या नादी लागू नका. चांगल्या कंपनीचे रस्त्यावरचे टायर, कंपनीच्याच मापात, चारही एकाच जातीचे, आणि बाजूवरच्या तारखेच्या चार आकड्यांत वर्ष ताजं असलेले. पहिले दोन आकडे आठवडा, शेवटचे दोन वर्ष. रस्त्यावरचा टायर सुटायच्या आधी किंचाळतो, हळूहळू सुटतो, तुम्हाला सावरायला वेळ देतो. चिकट टायर जास्त धरतो आणि मग एकदम सोडतो. शिकणाऱ्याला किंचाळणारा टायर हवा.

टायरच्या हवेसाठी खडूची एक जुनी युक्ती आहे, ती शिकाच. सेशनला जाण्याआधी टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपते आणि बाजू सुरू होते तिथे, तीन ठिकाणी खडूने उभ्या रेघा मारा. थंड टायरमध्ये ३० पीएसआय ठेवा. पाच-सहा फेऱ्या मारून आत आलात की लगेच, टायर गरम असतानाच, दाब मोजा. तो पाच-सहा पीएसआयने चढलेला दिसेल. मग रेघा बघा. खडू नक्षीच्या कडेपर्यंतच पुसला असेल तर बरोबर. बाजूवर खाली उतरत पुसला असेल तर टायर मुडपतोय, हवा कमी आहे. कडेपर्यंत पोचलाच नसेल तर हवा जास्त आहे. गरम टायरवरच एक-दोन पीएसआय कमी-जास्त करा आणि वहीत लिहा. चार सेशनमध्ये तुमच्या गाडीचा आकडा सापडतो. आणि झिजलेले टायर मागे टाकायची आपल्याकडची सवय ट्रॅकच्या गाडीला मुळीच लावू नका, याचं कारण थोड्या वेळात सांगतो.

पॅड हा एकच भाग असा आहे जिथे मी म्हणेन की नावाजलेल्या कंपनीचे, ज्यांच्या खोक्यावर तापमानाची मर्यादा छापली आहे असे घ्या. पूर्ण शर्यतीचे पॅड नकोत. ते थंड असताना धरत नाहीत आणि तुम्हाला घरापर्यंत गाडी चालवायची आहे. डिस्क कंपनीच्याच, नव्या, भोकं न पाडलेल्या. भोकं पाडलेल्या स्वस्त डिस्कना भोकांपासून तडे जातात.

आता सुरक्षेचं. हेल्मेट चांगलं घ्या. शर्यतीच्या गाडीसाठीच्या स्नेल एसए हेल्मेटचं अस्तर आग न पकडणारं असतं, बाइकच्या हेल्मेटचं नसतं. पहिल्या ट्रॅक-डेला आयोजक बाइकचं पूर्ण तोंडाचं आयएसआय हेल्मेट चालवून घेतात का ते आधी विचारा. पुढे एसए घ्याच. अग्निशामक दोन किलोचा, पत्र्याच्या पट्ट्याने फ्लोअरला बोल्ट केलेला, बसल्या जागेवरून हाताला येणारा. प्लास्टिकच्या क्लिपवर ठेवलेला सिलिंडर अपघातात गोळ्यासारखा उडतो.

चार पट्ट्यांचा हार्नेस दिसायला झकास, पण कंपनीच्या सीटवर आणि कंपनीच्या हुकांवर तो लावू नका. समोरून धडक बसली की खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा पोटावर ओढतात आणि माणूस खालून सरकतो. कंपनीचा तीन बिंदूंचा पट्टा आणि चालू एअरबॅग यांवर पहिलं वर्ष काढा. फक्त सीट अशी बसवा की खांदे पाठीला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेला टेकलं पाहिजे.

रोल केज, म्हणजे गाडीच्या आत बसवायचा नळ्यांचा संरक्षक पिंजरा, हा विषय आमच्या भागात फार हळवा आहे, कारण फॅब्रिकेशन आपल्याकडे स्वस्त आणि चांगलं होतं. शिरोलीत, गोकुळ शिरगावला पाइप वाकवणारा हात कसबी आहे यात शंका नाही. पण केज म्हणजे रेलिंग नव्हे. एफआयएच्या (जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या) नियमात मुख्य कमान कोल्ड ड्रॉन सीमलेस नळीची, ४५ मिमी व्यासाची आणि २.५ मिमी जाडीची किंवा ५० मिमीची आणि २ मिमी जाडीची असते. बाकीच्या नळ्या ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २. दुकानात सहज मिळते ती शिवण असलेली ईआरडब्ल्यू नळी, दारं-खुर्च्यांची. ती शिवणीवर फाटते. दुसरी गोष्ट, केज घातलेली गाडी हेल्मेटशिवाय रस्त्यावर चालवणं म्हणजे कानाजवळ लोखंडी कांब घेऊन बसणं. ज्या वर्षी गाडी फक्त फ्लॅटबेडवरून हलवाल आणि पूर्ण बकेट सीट, हार्नेस, केज असं एकत्र करायची ऐपत असेल, त्या वर्षी करा. अर्धं करू नका.

रस्त्याचा कायदाही असाच सरळ आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल चालत नाही. आमच्या इथून ट्रॅकला गाडी चालवत नेणार असाल तर ती पूर्ण कायदेशीर असली पाहिजे. म्हणूनही पहिलं वर्ष मूळ रूपातली स्विफ्टच बरी. विमा ट्रॅकवर लागू नसतो. शर्यत आणि वेगचाचणी पॉलिसीत वगळलेल्या असतात. ट्रॅकवर जे मोडेल ते तुमच्या खिशातून, हे धरूनच गाडी निवडायची. मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारतो : ही गाडी उद्या भिंतीला लागून भंगार झाली तर तुम्ही परवा कामावर जाऊ शकता का, हप्ता भरू शकता का? उत्तर 'नाही' असेल तर त्याहून स्वस्त गाडी घ्या.

तुमच्या पाच लाखांचे मी असे भाग करेन. गाडी दीड लाखाच्या आसपास. तिला धड करायला साठ हजार. ब्रेक वीस, टायर पंचवीस, हेल्मेट-सिलिंडर-हातमोजे-बूट आणि हत्यारं तीस. हे झाले दोन लाख पंच्याऐंशी. उरलेल्या दोन लाख पंधरा हजारांना हात लावायचा नाही. त्यातून प्रशिक्षण, ट्रॅकची फी, डिझेल-पेट्रोल, राहणं, दुसरा टायरचा सेट आणि दोन पॅडचे सेट. वर्षात चार-पाच ट्रॅक-डे बसतात. नवशिक्याला वेगवान करणारी वस्तू दुकानात नाही, ती या दोन लाख पंधरा हजारांत आहे.

आपल्या मुलखात मोठा ट्रॅक जवळ नाही हे दुखणं खरं आहे. करी स्पीडवे २.१ किमीचा, कोईमतूरजवळ चेट्टिपाळयमला. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक ३.७ किमीचा, श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला, १९९० पासूनचा. दिल्लीकडचा बुद्ध सर्किट ५.१२५ किमीचा आणि लांब पट्ट्यांचा. तो छोट्या गाडीच्या ब्रेकची फार परीक्षा घेतो, पहिल्या वर्षी तिकडे जाऊ नका. सांगली-कोल्हापूरकरांना एक गोष्ट सोपी आहे : आपल्या दारावरून जाणारा पुणे-बंगळूर हायवे, म्हणजे जुना एनएच ४, आताचा ४८, तोच पुढे वेल्लोरवरून श्रीपेरुंबुदूरला जातो. एकच रस्ता, कोल्हापूरपासून साधारण नऊशे किमी. मी पहिल्यांदा करीला, छोट्या ट्रॅकला पाठवतो. पट्टे आखूड, ब्रेकवर ताण कमी, एका तासात जास्त वळणं हाताखालून जातात.

गाडी घेण्याआधी एकदा तिथल्या रेसिंग स्कूलच्या गाडीत दोन दिवसांचं प्रशिक्षण घ्या. त्यांची गाडी, त्यांचे टायर, शेजारी किंवा मागे शिकवणारा माणूस. अनेकांना तिथे कळतं की आपल्याला हे दरवर्षी एकदा पुरे आहे. मग गाडी बांधायचीच गरज उरत नाही. आणि कार्टिंग सोडू नका. कोल्हापूरचे कृष्णराज महाडिक, ध्रुव मोहिते शर्यतींत पुढे गेले त्यांचीही सुरुवात कार्टपासूनच. कार्टमध्ये चूक आणि शिक्षा यांत अर्ध्या सेकंदाचं अंतर असतं, म्हणून हात लवकर शहाणे होतात.

सरावासाठी आंबोली, ताम्हिणी, आंबा घाट वापरू नका. मी हे कळवळून सांगतोय. समोरून एसटी येते, वळणावर गुरं बसलेली असतात, शेवाळ असतं. ट्रॅकवर चुकलात तर माती आहे आणि मार्शल आहे. घाटात चुकलात तर दुसऱ्याच्या घरातलं माणूस जातं.

आता मागच्या टायरचं कारण. पुढच्या चाकाची गाडी वळणात वेगात असते तेव्हा नवशिक्या घाबरतो आणि अॅक्सिलरेटरवरून पाय एकदम उचलतो. वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि ज्या गाडीबद्दल 'ही फक्त सरळ जाते' असं ऐकलेलं असतं तिचं शेपूट गर्रकन फिरतं. मागे झिजलेले टायर असतील तर सावरायला वेळच राहत नाही. हे टाळायचं तर ब्रेक सरळ रेषेत, वळणाआधी पूर्ण करा, मग वळा, आणि वळणात अॅक्सिलरेटर अगदी हलका का होईना, धरून ठेवा. टायरकडे पकडीची ठरावीक रक्कम असते. ब्रेकवर सगळी खर्च केली तर वळायला शिल्लक राहत नाही. नजर मात्र पुढच्या वळणावर. बॉनेटच्या पुढच्या दहा मीटरकडे बघणारा माणूस कायम उशिरा असतो. गिअर खाली टाकताना घाई नको. चौथ्यातून तिसऱ्याऐवजी चुकून पहिला पडला तर चाकंच इंजिनाला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवतात, तिथे रेव्ह लिमिटर (इंजिनाचे फेरे रोखणारी यंत्रणा) काही करू शकत नाही.

फोनवर जीपीएसचं लॅप टायमर लावा, पण पहिले दोन ट्रॅक-डे आकडा बघू नका, फरक बघा. दहा फेऱ्यांमध्ये सर्वांत वेगवान आणि सर्वांत हळू यांत सहा सेकंदांचं अंतर असेल तर गाडीत काहीही बदलून कळणार नाही की फायदा झाला की तोटा. ते अंतर एका सेकंदाच्या आत आलं की मग सस्पेन्शनची गोष्ट बोलायला या. तोवर तुम्हालाच नेमकं सांगता येईल की कुठल्या वळणात गाडी काय करत नाहीये.

पहिल्या दिवशी पाच फेऱ्यांचंच सेशन करा : एक गरम करायची, तीन मनासारख्या, एक ब्रेकला जवळजवळ हात न लावता थंड करायची. पॅडॉकमध्ये उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका, मागचे ड्रम तापलेले असतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली दगड लावा. बॉनेट उघडा. ऑइल दांडीवर वरच्या खुणेला आहे ना बघा; लांब वळणात ऑइल सम्पच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) एका बाजूला चढतं आणि पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो. व्हील नट प्रत्येक सेशननंतर टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्याला. स्टेपनी, जॅक, मॅट, पाण्याच्या बाटल्या, डॅशवरचा गणपती सगळं ट्रॅकवर जाण्याआधी बाहेर. मार्शलचे झेंडे सकाळच्या ब्रीफिंगमध्ये नीट समजून घ्या. पिवळा दिसला की ओव्हरटेक बंद, लाल दिसला की हळू होऊन आत. मागून वेगवान गाडी आली तर तुमची रेषा सोडू नका, हाताने बाजू दाखवा, तो बघून घेईल.

संध्याकाळी निघायच्या आधी पुढची दोन्ही चाकं काढून पॅड मोजा. अस्तर चार मिमीच्या खाली आलं असेल तर सोबत नेलेला सेट तिथेच, उजेड असताना टाका. टायरमध्ये हवा पुन्हा रस्त्याच्या आकड्याला आणा, दिवसभर काढलेली असते ती. आणि त्याच रात्री घरी यायचा हट्ट धरू नका. दिवसभर हेल्मेटमध्ये घाम गाळलेला माणूस रात्री हायवेवर तासाभरात पेंगतो. होसूरला किंवा बंगळूरच्या अलीकडे मुक्काम करा, सकाळी सहाला निघा.